आंब्यापाशी दोनदा रेस

सुरुवातीलाच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. उलट 'भगताकडे नको, दवाखान्यात चला' हे पत्रक मुरबाड-शहापूरच्या वाड्यांमध्ये मीच वाटलंय, मजकूरही माझाच. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटते... या सदरातल्या निम्म्या अनुभवांत रात्रीचे बारा आणि पांढरी साडी असते. माझ्याकडे तसलं काही नाही. भर सकाळ, एप्रिलचं ऊन आणि विकून टाकलेली एक मोटरसायकल. एवढंच.

गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. आमच्या संघटनेचे मधूदादा पंधरा वर्षं एकाच गाडीवर फिरले — काळी आरएक्स हंड्रेड. खर्डीहून निघालेली रिक्षा जिथे हात टेकते, तिथून पुढे करवंदवाडीपर्यंत तासाभराची पायवाट. दादा त्या वाटेवरही गाडी घालायचे. वाडीत फोन नाही, रेंज नाही, म्हणून त्यांची पद्धत ठरलेली होती. वाडीच्या तोंडाशी आंबा आहे, तिथे थांबून दोनदा रेस करायची. गाडी नुसती गेली तर गेली. पण आंब्यापाशी दोनदा रेस झाली म्हणजे सभा आहे, हातातलं काम टाका आणि शाळेपाशी या. सायलेन्सरच्या आत काहीतरी सुटलेलं होतं, रेस सोडली की 'टिण्ण' वाजायचं. त्या टिण्णवरून अख्खी वाडी गाडी ओळखायची.

मग दादांना अर्धांगवायू झाला. उजवा पाय गेला — आणि किक उजव्याच पायाने मारायची असते. आसनगावला घराच्या दारात गाडी उभी आणि दादा खाटेवरून दिवसभर तिच्याकडे बघत. वहिनी मला म्हणाल्या, "सुनंदा, हिला डोळ्यांम्होरून हलव गो. नायतर हे व्यायाम करायचे नायत, नुसते झुरतील."

विकायची जाहिरात मीच लिहिली. पत्रकं लिहून लिहून हात तसाच वळतो: 'पंधरा वर्षं मोर्च्यांना नेलेली गाडी विकणे आहे. चकाचक पाहिजे असणाऱ्याने येऊ नये.' तरीही ठाण्याहून केदार नावाचा एक जण आला. जुन्या जपानी गाड्या शोधायच्या, खोलायच्या, नव्यासारख्या जोडायच्या आणि शौकिनांना विकायच्या, हा त्याचा धंदा. गुडघ्यावर बसून त्याने इंजिनावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि ओरडलाच, "मॅडम, पहिल्या लॉटची आहे! आतला माल जपानचा! हा हापूस आहे हापूस!"

"मग कोण खाणार?"

"खाणार कशाला? ठेवणार. लोक हॉलमध्ये ठेवतात."

"चालवणार नाहीत?"

"असल्या गाड्या चालवतात का मॅडम?"

माझं डोकंच सरकलं. ज्या गाडीने बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या ती कुणाच्या तरी सोफ्याशेजारी! पण आतून दादांचा आवाज आला, "दे गो त्याला. शौकीन हाय, जपेल." गाडी टेम्पोत चढली. दादांनी भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या एप्रिलमध्ये करवंदवाडीच्या झऱ्याच्या वर खडीची खाण आणायचा घाट घातला गेला. झरा गेला की वाडी गेली, दुसरं पाणीच नाही. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि तो कसा घेतात ते आम्हाला पाठ आहे. नोटीस ऑफिसात कपाटामागे चिकटवायची. दवंडी द्यायची नाही. कोरम भरला नाही की सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा जणांत उरकायचं. वर याला लोकशाही म्हणायचं!

मला तारीख कळली आदल्या संध्याकाळी, मुरबाडच्या छापखान्यात. पंचायतीचा शिपाई हळूच सांगून गेला — उद्या अकराला, वाडीच्या शाळेत. सोबतचे सगळे मोर्च्यासाठी नाशिकला गेलेले. दादांना मुद्दाम कळवलं नाही, उगाच तळमळतील. सकाळची पहिली एसटी धरून शहापूर, तिथून जीपने खर्डी, मग रिक्षा, मग पायी. सारखं वाटत होतं, मी जाऊन तरी काय करणार? मोहाची फुलं वेचायचा हंगाम. बाया-बापे उजाडताच रानात पांगलेले. कुणाला कुठून गोळा करू?

आंब्यापाशी पोचले तेव्हा सव्वाअकरा. वाटेवर धुळीचा फुफाटा होता. त्यात शेळ्यांचे खूर, माणसांची पावलं... आणि शाळेच्या अंगणात माणसंच माणसं. मोहाच्या टोपल्या तशाच बाजूला ठेवलेल्या. ग्रामसेवक घाम पुसत सह्या घेत होता. कोरमला शंभर लागतात, एकशे बारा झाल्या. खाण हात वर करून नामंजूर.

पुढे बसलेल्या बारकीआजीने माझ्या मागे बघितलं. "तू एकलीच? मदू कुठं रायला?"

"दादा आसनगावला आहेत आजी. तुम्हाला सभेचं कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे गो? गाडी आली ना! आंब्यापाशी दोन येळा गुरगुरली."

"मी आमटीला फोडणी दिली तशीच टाकून आलू," दुसरी म्हणाली. "मदूला सांग, बरा झालास तर आदी तोंड दाव."

"दुसऱ्या कुणाची गाडी असेल."

"आनि टिण्ण पन दुसऱ्याचा का?" आजी फिस्कन हसली. "शिकलीस गो, पन कान नाय तुला."

गाडी कुणीच पाहिली नव्हती. कुणी घरात, कुणी रानात, वेगवेगळ्या दिशांना असलेल्या सगळ्यांनी ऐकली होती. मी पुन्हा आंब्यापाशी जाऊन फुफाटा न्याहाळला. चाकाची रेघसुद्धा नाही.

खर्डीला येऊन बूथवरून केदारला फोन लावला. गाडी कुठे आहे?

"मॅडम, रिटर्न होणार नाही हां, आधीच सांगतो. इंजिन टेबलावर आहे, सुटं. पंधरा दिवस झाले."

"आणि सायलेन्सर?"

"तो फाडून बघितला. आतली जाळी तुटली होती. भंगारात गेला."

परतताना आसनगावला उतरून दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी फक्त विचारलं, "कोरम झाला?"

"एकशे बारा."

"मंग झालं तर," म्हणाले आणि कूस बदलली.

माझी कसोटी पुढेच होती. खाणवाल्यांनी तक्रार केली: दवंडीच दिली नव्हती, मग लोक जमले कसे? सभा बेकायदा ठरवा! ज्यांनी नोटीस लपवली तेच हे विचारत होते. शहापूरला चौकशीच्या साहेबाने माझ्यापुढे कागद सरकवला. "सूचना कशी मिळाली, लिहून द्या."

पत्रकात मी आजवर खोटं छापलेलं नाही. पेन उचललं, कागद जवळ ओढला. मग लिहिलं: 'नेहमीप्रमाणे मोटरसायकलवरून.'

"गाडी नंबर?"

दादांच्या गाडीचा नंबर लिहिला. खाली सही केली. साहेबाने शिक्का मारला, ठराव कायम राहिला. तो कागद अजून त्या फायलीत असेल.

गाडी पुढे बेंगळुरूच्या एका शौकिनाने घेतली. केदारने फोटो पाठवला होता: काचेच्या भिंतीमागे, झगझगीत, टाकीत पेट्रोल नसलेली. दादा पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर वाडीत तो आवाज कुणीही ऐकलेला नाही, मी दरवेळी विचारते. मीही बरेच तर्क लढवले — वाऱ्याने आणलेला आवाज, सवयीचे कान, कुणाची तरी चेष्टा. पण तारीख वाडीत कुणाला ठाऊकच नव्हती, तिथे प्रत्येक तर्क अडतो. त्या कागदावर मी खरं लिहिलं की खोटं, तेही मला सांगता येत नाही.

आता सभा असली की मी घरोघर हाका मारत फिरते. पंचवीस-तीस जण येतात, घसा बसतो. जाताना आंब्यापाशी दोन मिनिटं उभी राहते... दम लागलेला असतो म्हणून, असं मी सोबतच्यांना सांगते.