सकाळच्या गाडीचे आम्ही तिघं

रोज त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच गाडीसाठी, त्याच माणसांबरोबर उभं राहिलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपोआप साठतात! शिकागोच्या उपनगरातलं आमचं स्टेशन म्हणजे विटांची एक बुटकी इमारत आणि दोन रूळ. सकाळच्या गाडीला आम्ही तिघं मराठी. मी पुण्याचा, मनीषा मुंबईची, नितीन नागपूरचा.

*

एका हिवाळ्यात मनीषाची आई आली होती. गाडी जिथे रूळ बदलते तिथे बर्फ साचू नये म्हणून इथे चक्क गॅसच्या ज्वाळा पेटवतात. मावशी किंचाळल्या, "अगं, रूळ पेटलेत!"

मनीषाने समजावलं. मावशी म्हणाल्या, "लोखंडाची एवढी काळजी? आणि तू तापाने फणफणली होतीस तेव्हा डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली!"

*

तिकीट खिडकीत डोरथी नावाची आजी बसायची. इथून पूर्वी दुधाचे कॅन शहरात जायचे, हे तिनेच सांगितलेलं. खिडकी कायमची बंद होणार त्या दिवशी आम्ही केक नेला. मी विचारलं, "इतकी वर्षं इथेच का राहिलात?"

"माझा भाऊ व्हिएतनामला गेला तो याच प्लॅटफॉर्मवरून. आई म्हणायची, तो परत येईल तेव्हा स्टेशनवर आपलं कुणीतरी हवं."

आता त्या खिडकीत तिकिटांचं मशीन आहे.

*

एकदा गाडी आलीच नाही. पुढच्या स्टेशनजवळ कुणीतरी गाडीखाली आलं, अशी अनाउन्समेंट झाली. नितीन वैतागला, "यार, आजच माझा डेमो होता!" सगळेच फोनवर मीटिंगा कॅन्सल करत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याच गाडीला असणारा तो लाल टोपीवाला दिसेना. रोज आम्हाला "स्टे वॉर्म!" म्हणायचा. मनीषाने हळूच विचारलं, "त्याचं नाव काय होतं रे?"

तिघांनाही माहीत नव्हतं.

*

मग नितीनचाच जॉब गेला. व्हिसामुळे नवा शोधायला जेमतेम दोन महिने. त्यात घरी सासू-सासरे आलेले. त्यांना कळू द्यायचं नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं. हा रोज इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर यायचा. आम्ही गाडीत चढायचो, हा वेटिंग रूममध्ये लॅपटॉप उघडून बसायचा.

"लायब्ररीत जा ना," मी म्हटलं.

"तिथे सासरे पेपर वाचायला जातात यार!"

एकदा बरं वाटेना म्हणून मी दुपारीच परतलो. वेटिंग रूममध्ये डोकावलो, तर नितीन मान खाली घालून बसलेला. नुकताच आणखी एक नकार आला होता. तेवढ्यात दार ढकलून त्याचे सासरे आत आले. बुटांना बर्फ, हातात डबा.

नितीन ताडकन उठला. "बाबा, मी... आज जरा..."

"बसा, नितीनराव. सकाळी डबा विसरलात."

काका त्याच्या शेजारी बसले. डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला. मग हीटरजवळ हात शेकत म्हणाले,

"ऑफिस उबदार आहे हो तुमचं. उद्यापासून मीही येत जाईन. घरी मला करमत नाही."