कशावरूनकाकांनी दिलेला सदरा

कशावरूनकाकांइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही, आणि माझ्या धंद्यात रोज माणसंच पाहावी लागतात. कुत्रं दिसलं की ते रस्ता बदलत. चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की त्यांना घाम फुटे. पण मग तसेच थरथरत जवळ जात, चपलेने लिंबू उलटवत आणि इंदुरी बोलीत मला म्हणत, "भिया, भीती वाटते म्हणूनच बघावं लागतं. न बघता गेलो तर ते रात्रभर उशाशी बसतं."

माझे वडील मिलमध्ये मागावर होते, काका तिथेच कारकून. विधवेचा हात लागला की लोणचं नासतं, असं कुणी म्हटलं की काका विचारत, "कशावरून?" "सगळेच म्हणतात," असं उत्तर आलं की म्हणत, "त्यातल्या एकाला बोलव. ज्याचं नासलं त्याला." त्यावरून गल्लीने हे नाव पाडलं.

मिलला कुलूप लागलं आणि वडिलांनी अंथरूण धरलं. आईने बोहारणीचं काम घेतलं. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. बाजार तयार कपड्यांनी भरला होता, त्यामुळे जुनेर भरपूर निघे. घासाघीस मी तिच्याकडूनच शिकलो. आज बडा गणपतीजवळ माझं भांड्यांचं दुकान आहे.

तेव्हाच्या एका पावसाळ्यात जुन्या इंदूरातल्या आमच्या गल्लीत पोरं तापाने पडू लागली. पहिली दोन घरं नेमकी अशी, जिथून आईने पोरांचे कपडे नेले होते. अंगावरचा कपडा हाती आला की बाई पोराचा जीव ओढते, असं नळावर बोललं जाऊ लागलं. एका संध्याकाळी दारात माणसं जमली. पुढे भालूभिया, वडिलांच्या शेजारच्या मागावरचा, हातात रॉकेलचा डबा.

"भाभी, पोरांचे कपडे बाहेर काढा. नहीं तो घर के साथ जलेंगे."

कपडे आईने कधीच विकून टाकले होते. ते सांगितल्यावर लोक जास्तच भडकले. आत वडील उठायला धडपडत होते, त्यांना उठता येत नव्हतं.

तेवढ्यात काका आले. कडेवर नातू मुन्ना, काकांचे स्वतःचे ओठ पांढरेफटक. "कशावरून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या घरचं पडेल तेव्हा समजेल," भालूभिया म्हणाला.

काकांनी मुन्नाच्या अंगातला सदरा काढून आईसमोर धरला. "घ्या वहिनी. धुतलेला नाही. बदल्यात एक चमचा द्या."

आईचा हात पुढे येईना.

"घ्या म्हणतो ना."

आईने सदरा घेतला, चमचा दिला. लोक पांगले, पण मुन्ना पडायची वाट बघायला. आम्हीही काकांच्या घराकडे कान लावून बसलो. मुन्ना शिंकला तरी आई भिंतीला टेकायची. आणि आठवड्याच्या आत मुन्ना तापला.

काका आमच्या दारात आले. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "वहिनी, चला दवाखान्यात." त्यांची सून आडवी आली, रडली. काकांनी टेंपोत आईला बसवलं आणि सगळ्या गल्लीदेखत तापलेलं पोर तिच्या मांडीवर ठेवलं.

डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि पाण्याची चौकशी केली. मुन्ना बरा झाल्यावर काकांनी भालूभियाला हाताला धरून नाल्यापाशी नेलं. आमच्या नळाचा फुटका पाइप त्या घाणीत बुडालेला होता.

आईची माफी कुणी मागितली नाही. भालूभियाच्या बायकोने थोड्याच दिवसांनी जुन्या पँटी देऊन मोठं पातेलं मागितलं, वर घासाघीसही केली. तो राग माझ्यात अजून आहे. त्या घरचं गिऱ्हाईक आलं तर मी एक पैसा सोडत नाही.

काका शेवटच्या आजारात असताना मी भेटायला गेलो. म्हटलं, "काका, असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास कधीच नव्हता ना?"

ते म्हणाले, "टेंपोत पोर कण्हत होतं. रस्ताभर वाटत होतं, हिनेच केलं असेल तर?"

माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो. "मग घ्यायचं होतं पोर काढून."

"हात जात होता पुढे," ते म्हणाले. "दुसऱ्या हाताने दाबून धरला."

आईला मी हे सांगितलेलं नाही. काका गेले तेव्हा ती त्यांच्या पायांशी बसून रडत होती, आणि मी मागे उभा राहून त्यांच्या हातांकडे बघत होतो.