पहिल्या रांगेतलं "मंजूर!"

माझे दोक-सू मामा दक्षिण कोरियातल्या छांगवॉन शहरात एका केबल कंपनीत कारकून आहेत. भागधारकांच्या सभेत मात्र त्यांना पहिल्या रांगेत बसवतात. अध्यक्षांनी ठराव वाचला की मामांनी "मंऽजूर!" म्हणून ओरडायचं, मग मागचे कर्मचारी टाळ्या पिटतात. एवढ्यावरच मामांची नोकरी टिकून होती.

यंदा एका परदेशी फंडाने ठराव आणला: अध्यक्षांच्या मेहुण्याला संचालक मंडळातून काढा. तो वाचून होताच मामा सवयीने ओरडले, "मंऽजूर!" टाळ्याही पडल्या.

मतमोजणीत ठराव पडला. मेहुणे राहिले.

"काय हो, मीठ कुणाचं खाता?" विभागप्रमुख गुरगुरले. "उद्यापासून गोदामात जा!"

घरी मामी करवादल्या, "ठराव ऐकायचा तरी!"

सूप ढवळत मामा थकून म्हणाले, "आजवर एक तरी ऐकलाय का गं?"