न जेवणारे पाहुणे

८ फेब्रुवारी, गुरुवार. चार दिवसांनी आभाळ निवळले. नळाला पाणी उशिरा. खालच्या मजल्यावरची धाकटी जाऊ दोनदा दारात येऊन गेली. कामाचे बोलली नाही.

एवढे लिहून थोरलीने डायरी मिटली. खाली धाकटीचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

वसतिगृहाच्या धुलाईघरात, चादरींच्या वाफेत तिची नोकरी सरली. मग तिने कोंबड्या पाळल्या. दाणा परवडेना, तेव्हा कुठूनसे ऐकून एका जातीच्या काळ्या माशीच्या अळ्या आणल्या. टबात साली, उष्टे, सडकी फळे टाकावीत आणि दोन दिवसांत फस्त! पोसलेल्या अळ्या कोंबड्यांना, उरलेला भुसभुशीत चोथा कुंड्यांना. शेजारणी आधी नाके मुरडत. आता सालींच्या बादल्या तिच्याच दाराशी ठेवून पसार होत.

राखून ठेवलेल्या अळ्यांच्या माश्या झाल्या होत्या. त्यांनी अंडी घातली तरच पुढची पिढी, आणि आयुष्य जेमतेम आठवड्याचे. त्यात उन्हावाचून त्यांची जोडी जमत नाही. मागच्या अंगणात ऊन फिरकत नसे. धाकटीने पिंजऱ्यावर दिवा टांगला, माश्या ढिम्म. काही तर मेल्यासुद्धा.

ऊन होते थोरलीच्या खोलीत. आणि थोरली म्हणजे माशी दिसली की वर्तमानपत्राची घडी उचलणारी.

तिसऱ्या खेपेला धाकटी जाळीचा पिंजरा घेऊनच जिना चढली.

"ताई, रागावू नका हं..."

"माश्या? माझ्या खोलीत? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"जाळीतच राहतील. आणि त्या काही खात नाहीत हो. नुसतं पाणी."

"काहीच नाही?" थोरलीने चष्मा चढवला. "मग जगतात कशावर?"

"अळी असताना खाल्लेलं असतं ना, त्याच पुंजीवर."

"एवढे पाहुणे आणि जेवायला एकही नाही! असे पाहुणे मला जन्मात भेटले नाहीत. ठेव तिथे, खिडकीत."

ऊन जाळीवर आले. बराच वेळ काही नाही. मग एक माशी उडाली, दुसरीने तिला हवेतच गाठले.

"अगं, जमलं वाटतं!" थोरली कुजबुजली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

शनिवारी, अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांच्या फटीत रव्याच्या कणांसारखी फिकट अंडी दिसली. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला.

"आता या बिचाऱ्या?"

"जातील, ताई. काम झालं त्यांचं. पण पुढच्या खेपेच्या..."

"विचारतेस काय? आण."

त्या संध्याकाळी थोरलीने लिहिले: खिडकीचा पडदा काढून कपाटात ठेवला.