विमानाची खालची बाजू

लातुरात रविवारी सकाळी फोमची विमानं उडवणारे आम्ही सहा-सात जण आहोत, आणि त्यातल्या एकालाही सौंदर्याची जाण नाही, असं माझं फार दिवसांचं मत आहे. एक दातांचे डॉक्टर, एक बी-बियाण्यांचे दुकानदार, एक बँकेतले साहेब, बाकी किरकोळ. यांची विमानं म्हणजे पांढऱ्या फोमला लाल-पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली पार्सलं. उडतात, एवढंच. मी शिकवणीत फिजिक्स शिकवतो. मला नुसतं उडून भागत नाही.

म्हणून मी छापील कागदाच्या नादी लागलो. पतंगाच्या कागदाहून पातळ टिश्यू घ्यायचा, त्यावर हवं ते चित्र छापायचं आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदानं तो ब्रशनं फोमवर चढवायचा. वाळताना कागद आक्रसतो, घट्ट बसतो, आणि चित्र फोमच्या आतूनच आल्यासारखं दिसतं. हे त्या चिकटपट्टीवाल्यांना मी दोन महिने ऐकवत होतो. ते माना डोलवायचे आणि चहा मागवायचे.

छापून देणार होता दादा. माझ्या या थोरल्या भावाचं नांदेडला फ्लेक्सचं दुकान आहे. मधे एक गॉगलवाला आणि भोवती चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी, असले वाढदिवसाचे बॅनर पार हदगावपर्यंत त्याच्याच दुकानातून जातात. मला त्या धंद्याची लाज वाटायची. कुणी विचारलं तर भाऊ प्रिंटिंगच्या व्यवसायात आहे, असं म्हणून मी विषय बदलायचो.

मला पंखांवर नीलपंखाची पिसं हवी होती. दादानं टिश्यू साध्या कागदावर कडेनं चिकटवून छोट्या प्रिंटरमधून काढला. पहिले चार-पाच फाटले, पण शेवटी निघाला तो निळा रंग मलाही मानावा लागला. गोंदाच्या पाण्यानं शाई पसरू नये म्हणून वरून पारदर्शक फवाराही मारला होता. गुंडाळी सांभाळत तो स्वतः एसटीनं आला, दुसऱ्या दिवशीचं उड्डाण बघायला.

त्याचं एकच मागणं होतं. पंखाखाली, बारीक अक्षरात, दुकानाचं नाव टाकू या का?

मी म्हणालो, हे विमान आहे, रिक्षा नाही. आणि खालची बाजू बघतं कोण?

"वरून कोण बघणार हाय?" तो म्हणाला. "लोकं खालूनच बघतेत."

मी हसलो. त्यानं नावाचा नाद लगेच सोडला. पण खाली साधा तरी कागद लाव, म्हणाला. पुठ्ठ्यावर फोटो चिकटवताना त्याच्या दुकानात मागूनही कागद लावतात म्हणे, नाहीतर पुठ्ठा वाकतो. मी त्याला वजन, उचल आणि हवेचा दाब यांवर चांगलं अर्धा तास ऐकवलं. दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस, मला ताण म्हणजे काय ते सांगतोय. कागद मी फक्त वरून लावला. खरं तर वजनाचा प्रश्न नव्हताच. त्याचं ऐकायचं नव्हतं.

सकाळी उठून बघतो तर उजव्या पंखाची मागची कड बोटभर वर उचललेली. बघताक्षणी कळलं, वरच्या कागदानं आक्रसताना पंख ओढला होता. तासभर त्यावर जाडजूड गाइडं ठेवून बसलो. काढली की कड परत वर. दादा दारात उभा राहून बघत होता. आज नको उडवू, एवढंच म्हणाला. पण मी सगळ्यांना बोलावून बसलो होतो.

मुरुडकडं जाणाऱ्या रस्त्याला सोयाबीन निघालेलं एक रान आहे, तिथं आम्ही जमतो. विमान सुटलं, वर चढलं, आणि खालून दिसला तो कोरा पांढरा फोम. डॉक्टरांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, "सर, चित्र कुठंय?" मी उत्तर देईपर्यंत विमान उजवीकडं कलंडलं, दोन गिरक्या घेतल्या आणि नाकावर ढेकळांत गेलं.

सगळे भोवती जमले. पंखाचे तीन तुकडे झाले होते. दोन महिने ज्यांना तुच्छ लेखलं ती मंडळी माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मला तेवढं सोसलं नाही.

"शाई कच्ची निघाली," मी म्हणालो. "त्यानं कागद आखडला."

दादा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं वळले. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हाव," तो म्हणाला. "आमच्या शाईचाच घोटाळा झाला."

मग इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून तो खाली बसला आणि ढेकळांतून तुकडे गोळा करू लागला. मी रिमोट धरून उभा होतो. एक शब्द बोलायला काय लागत होतं? पण जन्मभर पोरांना चूक कबूल करा म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची जीभ अशा वेळी टाळूला चिकटते. स्टँडवर त्याला सोडायला गेलो तेव्हाही मी उसाच्या रसाबद्दल बोललो.

त्या चिकटपट्टीवाल्यांना दादा मात्र आवडला. आता तेही त्याच्याकडून टिश्यू छापून घेतात, दोन्ही बाजूंनी लावतात, आणि त्यांची विमानं खालूनही देखणी दिसतात. दादाला त्यांनी आमच्या ग्रुपात घेतलंय. कुणाचंही विमान पडलं, वाऱ्यानं पडो की बॅटरीनं, की कुणीतरी लिहितं, नांदेडची शाई. त्यावर पहिला हसतो तो दादा. त्याच्या मागोमाग मीही हसरा चेहरा टाकतो.