बुधवारचं स्टूल

सगळा बाजार त्यांना एकटेराव म्हणायचा. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाजारातलं पाठीमागचं बोलणं तोंडापर्यंत यायला असा कितीसा वेळ लागतो! ते कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही, उलट मनातून थोडं बरंच वाटलं. एकटे तर एकटे. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

धंदा प्लंबिंगचा. बत्तीस वर्षांत त्यांनी जोडलेला सांधा गळल्याचं कुणी ऐकलं नव्हतं आणि हे ते स्वतःच लोकांना सांगत. पिशवीत प्रत्येक पान्याला त्याचा कप्पा, फडकं रोज धुतलेलं. कामावर आले की भिंतीला खाच पाडायची, पाइप टाकायचा, दाब देऊन तपासायचा आणि खाच आपल्याच हाताने बुजवून घरी जायचं. कुठल्या भिंतीच्या पोटात कुठला पाइप कुठून गेलाय, ते सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक रेघ नाही. "कागद हरवतो, डोकं हरवत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच बाजारात एका काकूंचं हार्डवेअरचं दुकान होतं. दर बुधवारी सकाळी आठला काकू दुकानामागच्या खोलीत चहा ठेवायच्या आणि सुतार, फरशीवाला, रंगारी, वायरिंगवाली असे सात-आठ जण जमायचे. कुणाकडे काय काम आलंय, कुणाच्या मागून कुणी जायचं, कुठल्या मालकाचं मत दिवसाआड बदलतं, हे सगळं तिथे कळायचं. निम्मी कामं तर तिथेच एकमेकांकडे जायची. आणि त्यांची एक रीत होती: भिंत बुजवायच्या आधी आत काय आहे ते त्या खोलीत सांगायचं.

काकूंनी एकटेरावांनाही बोलावलं होतं. एकदा नाही, दहादा. ते म्हणायचे, "रिकामटेकड्यांची सभा. तेवढ्या वेळात माझे दोन नळ बसतात."

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. तिला काजं करून देणारी एक, अस्तर आणून देणारी दुसरी, आणि जास्तीचं काम एकमेकींकडे पाठवायच्या त्या निराळ्याच. ती म्हणायची, "अहो, चार माणसांत जाऊन बसलात तर अंगाला भोकं पडणार आहेत का?" यावर एकटेराव वर्तमानपत्र थोडं वर धरायचे.

मग बालवाडीचं प्रकरण झालं.

एका बाईंनी जुन्या घरात बालवाडी काढली होती. मुलांच्या हात धुण्याच्या खोलीतलं पाण्याचं सगळं काम एकटेरावांनी केलं. तिथे खाली जुना दगडी पाया मध्ये येत होता, म्हणून त्यांनी पाइप सरळ खाली न नेता छातीच्या उंचीवर आडवा नेला. भिंत चार इंची. पलीकडे मुलांचा वर्ग. खाच बुजवली, वर फरशा बसल्या, एकटेराव पुढच्या कामाला लागले.

दोन महिन्यांनी, सोमवारी, बाईंचा फोन आला. वर्गाची भिंत खालून ओली दिसत होती. शुक्रवारी बालवाडी सुरू व्हायची होती, तीस मुलांची नावं नोंदली होती. बाई रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, तुमचा सांधा गळत नाही." ते वाक्य एकटेरावांना दोन दिवस घास गिळू देईना.

सोमवारी त्यांनी फरशी फोडून पहिला सांधा उघडला. कोरडा. मंगळवारी दुसरा. तोही ठणठणीत कोरडा. मधल्या पाइपला सांधाच नव्हता, मग गळणार काय? सगळी भिंत फोडावी, तर शुक्रवारपर्यंत ती उभी कोण करणार? आणि तशा फरशा तर आता मिळतही नव्हत्या. फुटक्या तुकड्यांत बसून एकटेरावांनी बराच वेळ हातातला पाना फडक्याने पुसला. पाना स्वच्छच होता.

बायकोला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या बुधवार आहे."

बुधवारी आठ वाजता ते काकूंच्या मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. बसायला सांगण्याच्या आतच, उभ्याउभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाइप आडवा कुठून गेलाय, तेही बोटाने हवेत काढून दाखवलं.

सुताराने कप खाली ठेवला.

"छातीच्या उंचीला? आडवा?" तो म्हणाला. "अहो, मग तो माझाच स्क्रू. वर्गातली खेळण्यांची फळी मी ठोकली. तिसरा स्क्रू लोण्यात जावा तसा आत गेला. मला वाटलं, भिंत पोकळ असेल."

तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. एकटेरावांना ते नीट समजलं, आणि आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न त्यांना मुळीच आवडला नाही.

"स्क्रूनेच भोक बुजवून धरलं असेल," ते हळूच म्हणाले. "आता गंजला असेल, म्हणून पाझरतोय."

"फरशांची काळजी सोडा, तिथल्या मीच बसवल्यात," फरशीवाला म्हणाला. "प्रत्येक कामातल्या आठ-दहा मी बाजूला ठेवतो. बायको शिव्या घालते, पलंगाखाली जागा नाही म्हणून."

गुरुवारी सगळे बालवाडीत जमले. मुद्दाम पाणी चालू ठेवून सुताराने फळी काढली आणि तिसरा स्क्रू उलटा फिरवला. स्क्रू तांबडालाल होऊन बाहेर आला आणि मागून पाण्याची बारीक धार थेट सुताराच्या शर्टावर. "घ्या, सापडला!" असं ओरडून तो एवढा हसला, की बाई धावत आल्या.

एकटेरावांनी तेवढाच तुकडा कापून नवा जोडला. फरशीवाल्याने दुपारपर्यंत फरशा बसवल्या. रंगाऱ्याने ओल्या भागाचा रंग खरवडला आणि वाळेपर्यंत समोर खेळण्यांचं कपाट सरकवून दिलं.

बाईंनी विचारलं, "पण नक्की चूक कुणाची म्हणायची?"

सुतार तोंड उघडणार, तोच एकटेराव म्हणाले, "माझी. पाइप तिथून जाईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही." बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच हे शब्द त्यांच्या तोंडातून निघाले होते. आभाळ काही कोसळलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं, चहा घेणार ना सगळे?"

शुक्रवारी तीस मुलांनी एकदम नळ सोडले आणि सगळी खोली भिजवली. ते पाणी मात्र भिंतीतलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी एकटेराव पावणेआठलाच हजर. खोलीत कोपऱ्यात एक स्टूल होतं, वर खिळ्यांच्या पिशव्या रचलेल्या. काकूंनी पिशव्या उतरवल्या आणि स्टुलावर फडका मारला.

"बस. अकरा वर्षं झाली, हे तुझंच आहे. तू येईनास, म्हणून पिशव्या ठेवत होते."

एकटेरावांना काहीतरी फटकळ बोलायचं होतं, पण त्याऐवजी ते बसले. स्टुलाचा एक पाय थोडा डुगडुगत होता. सुताराने ते पाहिलं आणि म्हणाला, "आणा इकडे, नंतर करून देतो."

चहा आला. एकटेरावांनी खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून मांडीवर सरळ केला. त्यावर पेन्सिलीने एका नव्या घराची भिंत काढली होती आणि भिंतीत पाइपची रेघ. रेघ थोडी वाकडी होती. सवय नव्हती ना.

"उद्या ही भिंत बुजवतोय," ते म्हणाले. "कुणाला तिथे काही ठोकायचं असेल, तर आत्ताच बघून घ्या."

आणि कागद त्यांनी सगळ्यांत आधी सुताराच्या हातात दिला.