अविवाहित असं मी लिहवलं

"ही कोण तुझी?"

कचेरीच्या ओट्यावर बसून कारकुनानं विचारलं. मी पायरीखाली उभा होतो. माझ्या शेजारी माझी बायको उभी होती. डोक्यावर पदर, दंडावर लस टोचल्याचा ताजा वण.

मी बोललो नाही. आणि मग बोललो, ते न बोलण्याहून वाईट.

चूक माझी होती. कारकुनाची नंतर सांगतो. आधी माझी.

मी इराकातल्या बसऱ्याच्या बंदरात इंजिनांना तेल घालायचं काम करत होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुंबईत एका एजंटानं पासपोर्टाचा अर्ज भरून दिला. त्यानं विचारलं, "लग्न झालंय?" मी हो म्हणालो. त्यानं लेखणी थांबवली. म्हणाला, "बायको लिहिलीस तर गावाकडे तपास जाईल. तुझ्या खोताला विचारतील. सोडेल तो तुला?"

खोत सोडणार नव्हता. आमच्या घरानं त्याच्या खळ्यावर राबायचं, गुरं मेली की ओढायची, सांगावे पोचवायचे. मी गेलो तर एक माणूस कमी. मी घाबरलो.

"मग काय लिहू?" त्यानं विचारलं.

"लिहा एकटा," मी म्हणालो.

एजंटानं 'अविवाहित' असं लिहिलं. मला तेवढं वाचता येत होतं. मी सही केली. घरी माझी बायको चांगुणा तेव्हा खोताच्याच खळ्यावर भात झोडत असेल.

त्या शब्दाची भीती मी पुढं अंगावर वागवली. बसऱ्याला आगबोट लागली की शिडीच्या तोंडाशी अधिकारी उभा असायचा. फोटो बघायचा, मग तोंड बघायचा. शर्टाची बाही वर करायला लावून दंडावरचे देवीचे वण बघायचा. पुढच्या पानावरचा व्हिसाचा शिक्का उजेडात धरायचा. माझ्या पुढचा एखादा माणूस बाजूला काढला जायचा आणि त्याच बोटीनं परत जायचा. दर वेळी मला वाटायचं, आता हा पान उलटेल आणि म्हणेल, हे खोटं आहे. दर वेळी तो शिक्का मारायचा. मी पासपोर्ट मिटून खाली उतरायचो.

खाली उतरलं की मात्र वेगळं जग. गोदीत एक नळ होता. अरब, मद्रासी, गोवेकर, सगळे त्याच नळाला तोंड लावायचे. मीही. कोणी वळून बघत नसे.

सुट्टीवर आलो की मी हे चांगुणाला सांगायचो. ती पुन्हा पुन्हा तेच विचारायची.

"एकाच नळाला?"

"एकाच."

"आनी कोन काय बोलत नाय?"

"नाय गो. कोनाला काय पडलंय."

मी बसऱ्यात असताना ती गावातल्या बायांबरोबर महाडच्या तळ्यावर जाऊन आली होती. ओंजळभर पाणी प्याली होती. परत येताना डोक्यात काठी बसली. ती खोक तिनं मला केस बाजूला करून दाखवली, जशी एखादी बाई नवी नथ दाखवते. मी म्हणालो, "कशाला गेलीस मरायला?" ती हसली.

"एकदा प्यालं पानी," ती म्हणाली. "आता रोज प्यायचं हाय. मला न्या."

मी कबूल केलं. पासपोर्टावर तिचं नाव चढवायचं, फोटो लावायचा, देवी काढल्याचा दाखला घ्यायचा, मग मुंबईत व्हिसा. ती एकेक गोष्ट करत गेली. महाडच्या बाजारात फोटोवाल्यानं सांगितलं, "पदर खाली घ्या, कान दिसले पाहिजेत." परक्या माणसापुढं तिनं पदर खांद्यावर घेतला. फोटोत तिचे डोळे असे आहेत की जणू कोणी बंदूक रोखली आहे. लस टोचल्यावर तापानं फणफणली. तशीच उठून भात लावायला गेली.

तिनं सगळं केलं. मी एकच गोष्ट केली नाही. पहिल्या अर्जात काय लिहिलंय ते तिला सांगितलं नाही. जुने कागद कोण उकरतं, असं मला वाटलं. अर्ज मुंबईहून तालुक्याला तपासासाठी आला. त्याच्याबरोबर जुन्या अर्जाची नक्कलही आली.

म्हणून आम्ही त्या पायरीखाली उभे होतो.

कारकुनानं आधी मला विचारलंच नाही. तिला विचारलं. आमचा कागद त्यानं हातात घेतला नव्हता. जमिनीवर ठेवायला लावून शिपायाकडून उचलून घेतला होता.

"नवऱ्याचं नाव सांग."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. शेजाऱ्यांनी विचारलं तर ती खुणेनं दाखवायची, नाहीतर दुसऱ्या बाईकडून सांगवायची. तिनं आताही माझ्याकडे बोट केलं.

"बोट नको. नाव."

तिनं पुन्हा माझ्याकडेच बोट केलं.

"उखाण्यात घेतेस का? आम्ही ऐकतो." ओट्यावर जमलेली माणसं हसली. कोणी म्हणालं, "हळद कुंकू मागवू काय रावसाहेब?" पुन्हा हसले. "लग्न कोणी लावलं तुमचं? भट आला होता का तुमच्या वाडीत?"

"लांबनं," चांगुणा म्हणाली. "बांधावर हुबं राहून म्हनली मंगलाष्टकं."

"म्हणजे अर्धंच लागलं." आता शिपाईही हसला.

मग कारकुनानं नक्कल वर धरली, माझ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं वाचलं. अविवाहित. पुढं वाचायला काही नव्हतं, तरी त्यानं ते दोनदा वाचलं.

"तू इथं सही करून सांगितलंस, मला बायको नाही. आता बाई घेऊन बसऱ्याला निघालास. काय धंदा करतोस रे तिकडं? ही कोण तुझी?"

खोटं लिहिणाऱ्याचा पासपोर्ट जप्त होतो, हे मला माहीत होतं. तुरुंगही होतो, असं गोदीत म्हणायचे. मला बंदर दिसत होतं, शिडी दिसत होती, माझ्यापुढून बाजूला काढलेला तो माणूस दिसत होता. शेजारी उभी असलेली बाई दिसत नव्हती.

"गावातली हाय, साहेब," मी म्हणालो. "गावातली बाई."

हे माझे शब्द. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

चांगुणानं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं समोर बघितलं. पदर नीट केला. आणि माझं नाव घेतलं. आधी माझं, मग माझ्या बापाचं, मग आमच्या वाडीचं. आवाज चढवला नाही. जात्यावर बसल्यासारखा एकसारखा आवाज.

"ह्यो माजा नवरा," ती म्हणाली. "नाव घेतलंय. आता लिवा."

ओट्यावरचं हसू थांबलं. कारकून क्षणभर गडबडला. मग माझ्याकडे वळला.

"काय रे? खरं का?"

मी माझ्या पायांकडे बघत राहिलो.

"बघ बाई," तो म्हणाला, "तू नाव घेतलंस, पण त्याला तू नको आहेस." त्यानं अर्जावर काहीतरी खरडलं आणि कागद पायरीवरून खाली टाकला. "चला. पुढचा."

कागद मी उचलला. इतका घाबरलेला होतो की आधी कागद उचलला.

परत जाताना चांगुणा पुढं आणि मी मागं. एरवी बाई मागं चालते. दासगावच्या वळणावर तिच्या मामांचं घर आहे. मामा पलटणीतले पेन्शनर. ती तिथं पाण्याला थांबली आणि जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मामा ओट्यावर विडी वळत होते. त्यांनी विडी खाली ठेवली.

"जावयबापू, पेन्शन आणायला मी पन त्याच पायरीखाली हुबा राहतो," ते म्हणाले. "लाज वाटते. पन ते मला विचारतात ना नाव, तवा सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं सांगतो. तेवढं तरी माजं हाय. तुमी काय सांगून आलात?"

मी न पिताच पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

घरी ती माझ्याशी बोलत नव्हती. भाकरी थापून समोर ठेवायची. मी वाट बघत होतो की रडेल, शिव्या देईल. चुलीपुढं बसलेली असताना एकदाच बोलली.

"तुमचं नाव घेतलं. आय म्हनायची, आयुष्य कमी होतं. मी घाबरले होते हो. मला वाटलं, आता ह्यांना काय झालं म्हंजे?" लाकूड आत सारलं. "तुमी तर माजं नाव न घेताच मला मारलंत."

मला कळलं की त्या ओट्यापुढं आम्ही दोघंही भीत होतो. ती माझ्या जिवाला भीत होती. मीही माझ्याच जिवाला भीत होतो. तिच्या जिवाला कोणीच भ्यालं नाही.

माझा पासपोर्ट माझ्याकडेच होता. मुंबईला कळेपर्यंत मला बोट मिळाली असती. एजंटाचा निरोप आला, 'एकटा निघ, नंतर बघू.' मी निघालो. हेही लपवत नाही. ट्रंक डोक्यावर घेतली आणि दासगावच्या धक्क्यावर गेलो. बाणकोटला जाणारा शिडाचा मचवा लागलेला होता. भरती होती. मचवा हाकणारा तांडेल ओरडला, "अरे, येतोस काय? पानी उतरंल मंग."

मी फळीवर एक पाय ठेवला. आणि मला नेहमीची ती शिडी आठवली. तो अधिकारी फोटो बघणार, तोंड बघणार, आणि आत सोडणार. आयुष्यभर आत सोडणार. त्या नळाला मी तोंड लावणार, आणि दर घोटाला म्हणणार, गावातली बाई.

मी पाय काढून घेतला. तांडेलानं मला शिवी घातली. बरोबर घातली.

घरी आलो तर चांगुणा गवत कापून येत होती. भारा डोक्यावरच होता.

"चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"कचेरीत."

"पुन्ना? कशाला, आनकी एकदा गावातली बाई व्हायला?"

"चल गो."

तिनं भारा टाकला. विळा कमरेला खोचलेलाच होता, तो काढायला सांगायचं मला धाडस झालं नाही.

दुपारची वेळ. बाजाराचा दिवस होता, कचेरीपुढं गर्दी होती. तोच कारकून. भीती गेली होती असं मी कधीच म्हणणार नाही. ती आजही गेलेली नाही. मी फक्त पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या पायरीवर.

"ए! कुठं चढतोस? खाली हो!" शिपाई धावला.

मी ओट्यावर उभा राहिलो आणि पासपोर्ट कारकुनाच्या टेबलावर ठेवला. जमिनीवर नाही. टेबलावर, त्याच्या हातापाशी.

"हा घ्या," मी म्हणालो. "मी खोटं लिहवलं होतं. मला बायको आहे. लिहा."

"पासपोर्ट जाईल तुझा. वर खटला होईल."

"लिहा."

"तू आधी खाली उतर."

मी वळून बघितलं. चांगुणा पायरीखाली होती. आमच्यात नवराही बायकोचं नाव घेत नाही. 'अगो' म्हणतो, 'ऐकतेस का' म्हणतो. लग्नाच्या पंगतीनंतर मी तिचं नाव घेतलेलं नव्हतं. गर्दीत आमच्या गावचे लोक होते, खोताचा दिवाणजी होता.

"चांगुणा," मी मोठ्यानं म्हणालो. "वर ये."

ती आली. घाई न करता, एकेक पायरी. माझ्या शेजारी उभी राहिली. शिपाई तिच्या कमरेच्या विळ्याकडे बघत मागे सरला.

"खाली उतरू नका," ती मला म्हणाली. "आधी लिवून घ्या."

पासपोर्ट गेला. खटलाही झाला. बसरा मी पुन्हा बघितला नाही, आणि तिनं तो कधीच बघितला नाही. तिला नळापर्यंत नेऊ शकलो नाही, हे माझ्या माथ्यावर आहे आणि राहील. पण तेव्हापासून या तालुक्यातल्या कुठल्याही ओट्याखाली उभं राहून मी नाव सांगितलेलं नाही. आधी चढतो. मग सांगतो. दोघांचं सांगतो.

त्या दुपारी कारकुनानं शेवटी लेखणी उचलली. 'पत्नीचे नाव' असं पुटपुटत तो थांबला. मी त्याला नाव सांगितलं, तिच्या बापाचं नाव सांगितलं. त्यानं लिहिलं. मग मी त्याच्याकडे पाठ केली. सगळी गर्दी बघत होती, म्हणूनच तिथं बोललो. ज्यांच्यासमोर नाकारलं, त्यांच्यासमोरच बोलायचं होतं.

"चांगुणा, तू माझी लग्नाची बायको. मी ह्याच जागी तुला नाकारलं, माझी कातडी वाचवायला. माझं चुकलं. तू मला माफ केलं नाहीस तरी माझं चुकलंच."